हिरूला निरोप गेलाच नव्हता

फिलू,

शेवटच्या दिवशी तू दाराकडं बघत होतीस. खोलीत भरलेल्या बायकांना वाटलं, तुला वरचं काहीतरी दिसतंय. एकीनं तर सांगूनच टाकलं, "मरियाबाय न्यायला आली तिला." मी कपाटाला टेकून उभा होतो. मला ठाऊक होतं तू कुणाला बघत होतीस. तू हिरूची वाट बघत होतीस. तीन दिवस आधी मीच तुला सांगितलं होतं, "हिरूला निरोप धाडलाय, येते म्हणाली." मी निरोप धाडला नव्हता.

तू गेलीस ती असं समजून गेलीस की हिरूनं बोलावणं ऐकलं आणि तरी ती आली नाही.

तुझ्या आत्म्यासाठी महिन्याची मिस्सा झाली. आपल्या नातीनं, जेनीनं, चर्चच्या मासिकात छापायला दोन ओळी लिहून आणल्या होत्या. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. मी म्हटलं, ही कोण बाई? मनमिळाऊ तू कधी होतीस? घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाच्या हातातनं तू पापलेट काढून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "जा, घरी जाऊन बटाटा खा." जेनी रडायला लागली. मी म्हटलं, राहू दे, मी लिहितो. चौथी शिकलेल्या माणसाला जेवढं जमतं तेवढं. तुझ्याबद्दल लोकांना सांगायचं नाहीये मला. मला तुलाच सांगायचंय.

सगळं त्या पुस्तकापासनं सुरू झालं. जेनी अकरावीला गेल्यापासनं कानात बोंडं घालून गप्प असायची, तिची शाळेतली मैत्रीण दुसऱ्या कॉलेजात गेली आणि बोलायची बंद झाली म्हणून. तेव्हा तिनं कुठनं तरी हे पुस्तक आणलं आणि तुझ्या खाटेवर विसरली. वर दोन पोरींचं चित्र, एका भिंतीवर बसलेल्या, दोघींच्या मधे हातभर जागा. तू विचारलंस, "ह्या कोन?"

जेनी म्हणाली, "दोन मैत्रिणींची गोष्ट आहे गं आजी. तुझ्यासाठी नाही, आमच्या वयाच्या मुलांसाठी आहे."

"मग मी काय जन्मले तवाच म्हातारी व्हते?" तू म्हणालीस. आणि माझ्याकडं वळून, "नाखवा, वाच."

बोट विकून बारा वर्षं झाली तरी तू मला नाखवाच म्हणायचीस. काही मागायचं असलं की जास्तच.

दुपारी जेवण झालं की मी खुर्ची ओढायचो आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायचो. तुझ्या पायांना सूज होती, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा, पण कान शाबूत. "अरे, जरा भरभर. वाचतोस की फाटकं जाळं सोडवतोस?" एखादा शब्द अडला की मी खोकायचो आणि पुढं जायचो. तुला लगेच कळायचं. "मधलं काय खाल्लंस?"

गोष्टीत काही विशेष नव्हतं. गार्गी आणि तन्वी. एका बाकावर बसणाऱ्या, एका डब्यात खाणाऱ्या. तन्वी शिकायला मोठ्या शहरात जाते, गार्गी गावातच राहते. आधी रोज फोन, मग आठवड्यानं, मग सणाला. एका वाढदिवसाला तन्वी विसरते. बस. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. तुला तेच पटेना. "भांडन कधी व्हनार यांचं?" तू रोज विचारायचीस. मी पानं चाळून बघायचो. भांडण नव्हतंच कुठं. तू म्हणालीस, "भांडनाबिगर तुटतं काय कधी? काहीतरी लपवतोय लिवनारा."

मी म्हणायचो, चूक तन्वीची. गेली ती विसरली. तू म्हणायचीस, "आनि ती गार्गी? मोजत बसलीय, मी किती फोन केले, तिनं किती केले. उचल ना तू! काय हात झडले?" मी म्हटलं, जी गेली तिनं आधी बोलायला पाहिजे. तू म्हणालीस, "जिला बोलायचंय तिनं बोलायला पायजे." आपलं हे भांडण चार दिवस चाललं. जेनी दारातनं बघायची आणि हसायची, दोन म्हातारी माणसं शाळेतल्या पोरींवरनं भांडतायत. तेव्हा तूही हसायचीस. मला वाटलं, चला, तुझं मन लागतंय. गाढव मी. तू कुणाच्या बाजूनं भांडत होतीस ते मला कळायला पाहिजे होतं.

पाचव्या दिवशी ते पान आलं. गार्गी फोनवर लिहिते, "मला तुझी आठवण येते," आणि पुसून टाकते. परत लिहिते, परत पुसते. मी पुढं वाचायला गेलो तर तू माझ्या मनगटाला धरलंस. तुझ्या हातात इतका जोर कुठनं आला कुणास ठाऊक.

"नाखवा, हिरूला बोलव."

मी पुस्तक मिटलं.

फिलू, तू तिचं नाव घरात चाळीस वर्षांत घेतलं नव्हतंस. मीही नाही. पण आपण दोघं एकाच दिवसावर थांबलोय हे दोघांनाही माहीत होतं.

त्याच्या आधीचं सांगतो, ते गोड आहे. मी तुला बघायला आलो तेव्हा ओट्यावर दोन पोरी बसल्या होत्या, हातांना बोंबलाचा वास, दोघींच्या वेणीला एकाच लाल रिबिनीचे तुकडे. मला वाटलं सख्ख्या बहिणी. मग कळलं, एक आपली, किरिस्तावाची, दुसरी बाजूच्या आळीतल्या हिंदू कोळ्याची. माझ्या आईनं विचारलं, "रांधता येतं काय गो?" तू खाली मान घालून बसलीस आणि हिरू म्हणाली, "तिला नाय येत. मला येतं. दोघींना घेऊन जा." माझी आई आठवडाभर हसत होती. नाताळाला हिरू आपल्याकडं, नारळी पुनवेला तू तिच्याकडं. पुढं तिनं आपल्याच गल्लीतल्या धर्माशी लग्न केलं, मला तर वाटतं तुझ्याजवळ राहायला मिळावं म्हणूनच केलं.

मग तुमच्या बोंबील सुकवायच्या वलांड्या शेजारी शेजारी लागल्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायचे, अशा हजार जोड्या. तुम्ही दोघी बोलत बोलत टाकायचात आणि बोलणं संपायच्या आधी दोरी संपायची. तुमचा एक नेम होता. ढग आले की जी आधी पोचेल तिनं दोन्ही वलांड्या उतरवायच्या. तुझं माझं करायचं नाही. आळीतल्या बाकीच्या बायका यावरनं तुम्हाला चिडवायच्या, "या दोघींचा नवरा पन एकच हाय काय?"

आणि मग मी आणि धर्मा समुद्रात भांडलो. त्यानं डोल जाळं बांधायचा खुंट माझ्या खुंटाच्या वरच्या अंगाला मारला, माझ्या जाळ्यात येणारी मासळी अडली. आज सांगतो, त्यानं मुद्दाम मारला की नाही हे मला कधीच कळलं नाही. मी विचारलंच नाही. मी थेट शिव्या घातल्या.

त्याच हंगामात हिरूची धाकटी पोरगी तापानं फणफणली आणि तिला वसईला दवाखान्यात ठेवली. हिरू जाताना ओट्यावर येऊन तुला म्हणाली, "बोंबील तुझ्या जीवावर हाय गो." मी आत जेवत होतो, मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ आलं. अवकाळी. तू धावलीस, मी मागनं आलो. आपली वलांडी उतरवून झाली. तू हिरूच्या दोरीला हात घातलास आणि मी तो धरला.

मी काय बोललो ते मला शब्दान्‌शब्द आठवतं. "धर्माच्या मालाला हात लावशील तर माझ्या घरात यायचं नाय."

तू माझ्याकडं बघितलंस. तू काही बोलली असतीस, थुंकली असतीस, तर मी सोडला असता हात. पण तू नुसती उभी राहिलीस. पाऊस पडला, हिरूचे बोंबील समोर भिजत राहिले आणि आपण दोघं बघत होतो. मी तुला घरी चल म्हटलं. तू आली नाहीस. सगळं भिजेपर्यंत उभी होतीस.

तीन दिवसांनी त्यांत किडे झाले. हिरू पोरीला घेऊन परत आली, पोरगी वाचली होती, ती तुला सांगायलाच धावत आली असणार. येताना वाटेत तिला वलांडी दिसली. दारात उभी राहून तिनं विचारलं, "फिलू, तू व्हतीस ना गो हितं?"

तू म्हणालीस, "व्हते."

मी आत बसलो होतो, पाच पावलांवर. तू फक्त तेवढंच बोललीस. "माझ्या नवऱ्यानं हात धरला" एवढे चार शब्द तू बोलली नाहीस. तिनं पुढं काही विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. त्या दिवशी दोघींनी मिळून मला वाचवलं आणि तुमचं मोडलं.

त्या वर्षी उपासकाळात मी कुमसार केला. जाळीच्या पलीकडं फादर होते, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, दहा वेळा 'नमो मरिया' म्हण आणि त्या बाईला जाऊन खरं सांग. मी गुडघ्यावर बसून दहाच्या ऐवजी वीस वेळा म्हटलं आणि घरी आलो. मला वाटलं, जास्तीचे दहा दिले म्हणजे दुसरं काम सुटलं. देवानं माफ केलं की मग हिरूकडं कशाला जायचं? पुढच्या वर्षी परत तेच पाप सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. फादर बदलत गेले, माझं पाप तेच. शेवटी एक तरुण फादर म्हणाले, "काका, हे तुम्ही मला का सांगता? मी थोडाच बोंबील सुकवतो?" मी रागावून त्यांच्याकडं जाणं सोडलं, दुसऱ्या चर्चला जायला लागलो.

हिरू आणि धर्मा चार वर्षांनी कळंबला राहायला गेले. तू बाजारात तिला लांबून बघायचीस आणि पाटी उचलून दुसऱ्या टोकाला बसायचीस. एकदा वसईच्या बसस्टॉपवर तुम्ही दोघी एकाच बाकावर होतात, मी तिकडं विडी ओढत होतो. तोंडं दोन दिशांना. तिची बस आली तेव्हा ती हवेत बघून म्हणाली, "बस आली." कुणाला म्हणाली? ती एकटीच बस पकडणार होती. घरी येताना तू रिक्षात म्हणालीस, "आवाज तसाच हाय तिचा." मी ऐकलं नाही असं दाखवलं. आठवडाभर तू कामात मधेच थांबायचीस. तेव्हा तरी मी बोलायला पाहिजे होतं ना? धर्मा मेला तेव्हा तू काळी साडी नेसलीस आणि दिवसभर घरात बसून राहिलीस. मी म्हटलं, जायचं तर जा. कसं म्हटलं ते आठवतंय? पाय पसरून, पेपरात बघत. तसं म्हटल्यावर कोण जातं?

आणि मग त्या दुपारी तू म्हणालीस, हिरूला बोलव. मी हो म्हटलं. बाहेर गेलो, नाक्यावर चहा प्यालो, परत आलो आणि सांगितलं, येते म्हणाली.

का, ते सांगतो. मी स्वतःला पण बरंच काही सांगितलं होतं, की डॉक्टर दोन महिने म्हणालेत, घाई काय, की तुला त्रास होईल. सगळं खोटं. मला लाज वाटली. ती आली असती, तू पडल्या पडल्या तिला खरं सांगितलं असतंस, आणि मी तिथंच असतो, पोरगा, सून, जेनी सगळी असती. सत्तर पार केलेल्या माणसाला नातीसमोर लहान व्हायचं नव्हतं. एवढ्यासाठी. तू तीन दिवस त्या दाराकडं बघितलंस आणि मी तुझ्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होतो. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "परत फोन कर की." मी म्हटलं, केला, उद्या येते. तिसऱ्या दिवशी तू विचारलंच नाहीस.

तू गेल्यावर जेनी पुस्तक परत द्यायला निघाली. मी तिला थांबवलं. म्हटलं, शेवटाला त्या पोरी भेटतात की नाही, तेवढं सांग.

"नाही भेटत, आजोबा."

"म्हणजे? भांडतात?"

"नाही. तसं काही होत नाही. फक्त मोठ्या होतात."

मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, असलं पुस्तक लिहिणाऱ्याला धरून आणा माझ्यासमोर. असा कसा संपवतो? ती बिचारी घाबरली, म्हणाली, "आजोबा, असंच होतं. कुणाचीच चूक नसते." आणि मला तिथं बसवेना फिलू. कारण त्या पोरींचं तसं असेल. त्यांची कुणाची चूक नसेल. तुमच्यात चूक होती, ती माणूस होऊन दोन वेळा जेवत होती, आणि ती मी होतो.

काल मी रिक्षा केली आणि निर्मळवरनं कळंबला गेलो. हिरूच्या पोरानं पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्यात. मागच्या ओट्यावर ती कोळंबी सोलत बसली होती. वाकलीय, पण बोटं तशीच चालतात. मला बघून डोळे बारीक केले.

"कोन? पास्कू? अरे, डोक्यावर एक केस नाय ठेवलास."

मी हसलो पण नाही. ती रिक्षाकडं बघायला लागली. हातातली कोळंबी ताटात टाकली, पदराला हात पुसला, केस सारखे केले.

"फिलूला रिक्षात बसवून ठेवलीस काय? ये म्हन तिला. आता काय मी खाते तिला?"

चाळीस वर्षं ती तयार होती फिलू. एका हाकेवर.

मी म्हटलं, फिलू गेली. महिना झाला. मग मी सगळं सांगितलं, उभ्यानंच, हात धरला तो, घरात येऊ नको म्हटलं ते. तिनं मधेच हात वर केला, गप्प राहा म्हणून.

"बोंबलाचं सोड. दर साल सडतात बोंबील. मी परत कधी विचारलं तिला? ती येईल, येईल म्हनून बसले. नाय आली, म्हटलं नको असेल मी." मग विचारलं, "शेवटाला माझं नाव काढलं काय?"

तिथं खोटं बोलणं किती सोपं होतं! नाही म्हटलं असतं तर ती सुटली असती, मीही. मी म्हटलं, काढलं. तुला बोलवायला सांगितलं. मी बोलावलं म्हणून सांगितलं आणि बोलावलं नाही.

"म्हंजे तिला वाटलं मी आले नाय?"

"हो."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, चपला शोधल्या, सुनेला हाक मारून म्हणाली, मी वसईला जाऊन येते. रिक्षात माझ्या बाजूला बसली आणि आपलं पाचूबंदर येईपर्यंत बाहेर बघत राहिली. वाटेत निर्मळला मी रिक्षा थांबवली, तरी तिनं फुलं घेतली नाहीत की मेणबत्ती घेतली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "गप बस."

सिमेटरीत तुझा लाकडी क्रूस तिला मी दाखवला. माती अजून उंच आहे. तिला गुडघे वाकत नाहीत, तरी ती एका हातानं शेजारच्या कबरीला धरून खाली बसली आणि कुणी आंधळ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलली.

"फिलू, मी हिरू. मला कोनी बोलावलंच नाय गो. मला ठाऊकच नव्हतं. नायतर मी चालत आले असते."

दोनदा बोलली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता तू बोल."

मी तोंड उघडलं. बोटीवर पाच मैल आवाज जायचा माझा. फिलू, आवाज आला नाही. ओठ हलले आणि मी उभा राहिलो, जसा त्या दिवशी आत बसलो होतो तसाच. मग तिला उठायला मी हात पुढं केला तो तिनं घेतला नाही. क्रूसाला धरून उठली, त्याच रिक्षात बसली आणि मला न घेता गेली.

ती गेल्यावर मी तिथं बसलो. अंधार पडायच्या आधी रखवालदारानं घालवलं.

आज सकाळपासनं हे लिहितोय. हे मी जेनीला मोठ्यानं वाचायला लावणार आहे, तुझ्यापाशी, पोराला आणि सुनेला उभं करून. लहान व्हायचं ते होऊ दे. तू ऐकशील का मला माहीत नाही. मेलेल्या माणसाला आवाज पोचतो का, हे मी कुठल्याच फादरला विचारलेलं नाही, नाही म्हणाले तर काय करू?

पण पोचत असेल तर एवढं धर. हिरूवर रागावू नकोस. ती काल बोलली ते खरं आहे, फक्त एक शब्द तिनं माझ्यासाठी गिळला. 'कोनी' म्हणाली, तिथं माझं नाव पाहिजे होतं. मी बोलावलं नाही.